न उगवलेल्या दाताचे अनुमान : पहाडगंजच्या निमित्ताने एका मापनपद्धतीचा इतिहास

दिल्लीतील मराठी समाजाविषयी लिहिताना पहाडगंजला वगळता येत नाही. नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस लागून असलेल्या या गजबजलेल्या वस्तीत बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे, आणि महाराष्ट्रातून राजधानीत उतरणाऱ्या कित्येकांचा पहिला मुक्काम याच परिसरात पडत आला आहे. या समाजाचा इतिहास बहुधा संस्था, उत्सव, नाट्यप्रयोग आणि संमेलने यांच्या अंगाने सांगितला जातो. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरलेल्या साहित्य संमेलनाचा उल्लेख त्यात हटकून येतो. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून वेगळा, किंबहुना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल असा आहे. पहाडगंजमधील आठ-नऊ वर्षांच्या एखाद्या मराठी मुलाच्या हिरडीखाली दडलेले, अद्याप न उगवलेले कायमचे दात किती रुंद असतील, हे त्याच्या उगवलेल्या दातांवरून सांगता येते काय, आणि येत असल्यास ते कोणाचे दात प्रमाण मानून सांगावयाचे, हा तो प्रश्न होय. प्रश्न दंतवैद्यकाचा आहे. परंतु त्याच्या उत्तराची वाट मानवमितीच्या आणि जातिविचाराच्या इतिहासातून जाते, आणि त्या वाटेवर मराठी अभ्यासकांनी करून ठेवलेले काम ओलांडून पुढे जाणे शक्य नाही.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या खालच्या जबड्यातील समोरचे दुधाचे दात पडून तेथे कायमचे पटाशीचे दात येऊ लागतात. पहिली कायमची दाढही त्याच सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. सुळे आणि उपदाढा मात्र नवव्या-दहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत येत राहतात. मधली काही वर्षे तोंडात दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात एकत्र नांदतात. दंतवैद्यकात या काळाला मिश्र दंतावस्था म्हणतात. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या वैद्यांच्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, दृष्टीने हाच काळ निर्णयाचा असतो. पटाशीच्या दातापासून पहिल्या कायमच्या दाढेपर्यंत प्रत्येक बाजूस जी जागा उरलेली आहे, तीत येणारा सुळा आणि दोन उपदाढा मावतील काय? मावणार असतील तर वाट पाहावयाची. थोडीशी कमतरता असेल तर मागची दाढ पुढे सरकू नये म्हणून तार बसवून जागा राखावयाची. कमतरता मोठी असेल तर काही दात काढून टाकण्याचाही विचार करावा लागतो. वरच्या जबड्यात सुळा बहुधा उपदाढांच्या मागाहून येतो आणि जागा न मिळाल्यास हिरडीच्या वरच्या अंगाने बाहेर पडतो; बोलीत ‘दातावर दात आला’ असे म्हणतात ते पुष्कळदा यालाच. उपलब्ध जागा प्लॅस्टरच्या साच्यावर कंपासाने मोजता येते. लागणारी जागा मात्र मोजता येत नाही, कारण ते दात अजून हाडात आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग हाडात असतानाच पूर्ण घडतो, आणि त्यावरचे कठीण कवच एकदा तयार झाले की त्याची रुंदी पुढे वाढत नाही. सुळ्याचा व पहिल्या उपदाढेचा हा भाग सातव्या वर्षाच्या आगेमागे तयार झालेला असतो. तेव्हा येथे चालते ते भविष्यकथन नव्हे. जे आहे परंतु दिसत नाही, त्याचे हे ज्ञान आहे. नैयायिकांच्या परिभाषेत हे शुद्ध अनुमान होय. न्यायसूत्रांनी अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी सामान्यतोदृष्टाशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु धूर आणि अग्नी यांच्यामधील व्याप्ती अपवाद सहन करीत नाही. दात आणि दात यांच्यामधील व्याप्ती मात्र ‘बहुधा’ एवढीच आहे. एकाच मुलाचे दात एकाच वंशपरंपरेने घडलेले असल्यामुळे ज्याचे पटाशीचे दात रुंद त्याचे सुळे व उपदाढाही रुंद असण्याकडे कल असतो, इतकेच. या ‘बहुधा’ला आकडा देण्याची युक्ती फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ साली सहसंबंधाची कल्पना मांडून दिली, आणि कार्ल पिअर्सन यांनी तिला गणिती रूप दिले. ही युक्ती मुळात माणसांच्या शरीराची मापे घेताना सुचलेली होती, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

दंतवैद्यकाने ती उचलण्यास अर्धे शतक घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जी. व्ही. ब्लॅक यांनी प्रत्येक दाताच्या सरासरी मापांची कोष्टके प्रसिद्ध केली होती, आणि वैद्य त्यांतील आकडा सरळ वापरीत. सरासरीचा दोष उघड आहे : लहान दातांच्या मुलालाही तोच आकडा आणि मोठ्या दातांच्या मुलालाही तोच. १९४७ साली या विषयात दोन महत्त्वाचे लेख आले. हेज नान्स यांनी दाखविले की दुधाचा सुळा आणि दुधाच्या दाढा यांची एकत्रित रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा थोडी अधिक असते. हा फरक खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सरासरी १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर भरतो. निसर्गाने ठेवलेली ही मोकळीकच पुढच्या सगळ्या हिशेबाचा आधार ठरली. त्याच वर्षी बॅलार्ड आणि वायली यांनी खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीवरून न उगवलेल्या सुळ्याची व उपदाढांची रुंदी काढण्याचे समीकरण दिले. त्यांना मिळालेला सहसंबंधांक होता ०.६४. हा आकडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

खालचेच पटाशीचे दात का निवडले? ते कायमच्या दातांपैकी आधी येतात, तोंडाच्या दर्शनी भागात असल्याने मोजण्यास सोपे असतात, आणि आकाराने फारसे लहरी नसतात. वरचा बाजूचा पटाशीचा दात मात्र अतिशय लहरी. कोणाचा तो खुंटीसारखा बारीक असतो, तर कोणाचा उगवतच नाही. त्याच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. १९५८ साली मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट मॉयर्स यांनी आपल्या ग्रंथात जी कोष्टके दिली, ती खालच्या दातांवरच आधारलेली होती, आणि त्यांवरून वरच्या जबड्याचाही अंदाज काढावयाचा होता. त्याच साली हिक्सन आणि ओल्डफादर यांनी दुसरा मार्ग सुचविला : हाडातील उपदाढा क्ष-किरण चित्रावर प्रत्यक्ष मोजावयाच्या आणि पटाशीच्या दातांची मापे त्यांच्या जोडीस घ्यावयाची. ही पद्धत अधिक काटेकोर. परंतु तीस चांगले चित्र, वेळ आणि पैसा लागतो. मॉयर्स यांच्या पद्धतीस एक कंपास आणि एक तक्ता पुरे. जगभर प्रसार झाला तो तक्त्याचा, यात आश्चर्य नाही.

१९७४ साली टानाका आणि जॉन्स्टन यांनी तोही अनावश्यक करून टाकला. त्यांचा नियम तोंडी हिशेबाचा आहे. खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज घ्यावी, तिचे अर्ध करावे, त्यात १०.५ मिलिमीटर मिळविले की खालच्या जबड्याच्या एका बाजूच्या सुळ्याची व दोन उपदाढांची एकत्रित रुंदी मिळते. ११ मिळविले की वरच्या जबड्याची. बेरीज २३ असेल तर अर्ध ११.५, म्हणून खाली २२ आणि वर २२.५ मिलिमीटर. हा आकडा सरासरी अंदाजाचा नाही. तशाच पटाशीच्या दातांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंचाहत्तरांचे दात त्या रुंदीत सामावतील, अशा बेताने तो जाणूनबुजून वर सरकवलेला आहे. जागा कमी पडण्याचा धोका जागा उरण्याच्या धोक्यापेक्षा गंभीर मानला गेला, म्हणून ही खबरदारी. व्यवहारात ती समंजस आहे. परंतु गणित म्हणून पाठ केलेल्या या सूत्रात एक वैद्यकीय धोरण मिसळलेले आहे, हे सूत्र वापरणाऱ्याच्या ध्यानी राहतेच असे नाही.

टानाका-जॉन्स्टन यांच्या लेखातील दुसरे आकडे या सूत्राइतके प्रसिद्ध नाहीत, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांना मिळालेले सहसंबंधांक वरच्या जबड्यासाठी सुमारे ०.६३ आणि खालच्यासाठी सुमारे ०.६५ होते, म्हणजे सत्तावीस वर्षांत बॅलार्ड-वायली यांच्या ०.६४ पासून विज्ञान जागचे हललेले नव्हते. या अंकाचा वर्ग केला तर तो ०.४ च्या आसपास येतो. याचा अर्थ असा की, मुलामुलांमध्ये सुळ्या-उपदाढांच्या रुंदीत जो फरक आढळतो, त्याच्या शंभरांपैकी सुमारे चाळीस भागांचाच उलगडा पटाशीच्या दातांवरून होतो; उरलेले साठ भाग हाडातच दडून राहतात. अंदाजाची प्रमाणत्रुटी एका बाजूस सुमारे ०.८५ मिलिमीटर होती. दोन्ही बाजूंस अंदाज एकाच दिशेने चुकला तर कमानीच्या हिशेबात दीड-पावणेदोन मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि नान्स यांची खालच्या जबड्यातील एका बाजूची मोकळीक नेमकी तेवढीच आहे.

आणि हे दात होते कोणाचे? अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या परिसरात उपचारांसाठी आलेल्या, युरोपीय वंशाच्या समजल्या गेलेल्या ५०६ व्यक्तींचे. मुलगे आणि मुली यांचा हिशेबही त्यात एकत्रच होता, जरी पुरुषांचे दात, विशेषतः सुळे, सरासरीने मोठे असतात. मॉयर्स यांच्या कोष्टकांत मुलगे व मुली वेगळे झाले ते १९८८ च्या आवृत्तीत.

भारतात ही कोष्टके पाठ्यपुस्तकांच्या पानांतून आली. डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले; मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयाचा आरंभ १९३३ चा; इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली १९६५ मध्ये. अध्यापन इंग्रजीतून, ग्रंथ अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील, आणि त्यांतील मापे अर्थातच तेथील मुलांची. ही मापे आपल्या मुलांस लागू पडतात काय, हा प्रश्न जगभर विचारला गेला. सौदी अरेबिया, थायलंड, पेरू येथील अभ्यासकांनी आपापल्या मुलांवर कोष्टके तपासली आणि फरक दाखविले. पेरूमधील २००५ सालच्या अभ्यासाने तर खालचे पटाशीचे दात हाच सर्वोत्तम आधार आहे काय, यावरच प्रश्नचिन्ह लावले. भारतीय दंतमहाविद्यालयांतूनही गेल्या काही दशकांत असे पुष्कळ अभ्यास झाले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : कोठे परदेशी सूत्र जास्त रुंदी सांगते, कोठे कमी, कोठे मुलग्यांस लागू पडते व मुलींस नाही. शेवटचे वाक्य मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते, आणि ते म्हणजे या लोकसमूहासाठी स्वतंत्र समीकरण हवे.

‘लोकसमूह’ हा शब्द दंतवैद्यकाने सहज वापरला आहे. मानवमितीच्या इतिहासात तो इतका सहज कधीच नव्हता. हर्बर्ट रिस्ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल आणि उत्तर भारतातील लोकांची नाके मोजून, जातीची प्रतिष्ठा आणि नाकाची रुंदी यांचे व्यस्त नाते असल्याचे प्रतिपादन केले आणि १९०१ च्या जनगणनेच्या निमित्ताने त्यास सरकारी वजन मिळवून दिले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली जातिसंस्थेवरील आपल्या ग्रंथात रिस्लींचीच मापे पुन्हा मांडून दाखविले की, हे नाते फार तर हिंदुस्थानच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात दिसते. इतर प्रांतांत ते टिकत नाही. प्रतिपक्षाच्या आकड्यांनीच प्रतिपक्षाचे खंडन करण्याचा हा नमुना आपल्याकडच्या समाजशास्त्रात आजही वाचनीय आहे. तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी दोन समूहांमधील अंतर एका मापावरून न काढता अनेक मापांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन कसे काढावे, याचे सूत्र १९३६ साली दिले. ते सूत्रही शरीरमापनाच्या गरजेतूनच जन्मले होते.

याच मालिकेत इरावती कर्वे येतात. ‘युगान्त’कार म्हणून त्या मराठी वाचकास परिचित आहेत; हाती कंपास घेऊन गावोगाव माणसे मोजणाऱ्या इरावतीबाई तितक्या परिचित नाहीत. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि नंतर बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत मानवी कवटीच्या असमितीवर डॉक्टरेटचे काम केले. युरोपीय व युरोपेतर कवट्यांत भेद सापडावा ही अपेक्षा गुरूंची होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमितीचा वंशाशी संबंध त्यांना आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत त्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या. नान्स आणि बॅलार्ड-वायली यांचे लेखही त्याच वर्षाचे. हा निव्वळ योगायोग. परंतु मोजपट्टीच्या दोन परंपरा परस्परांस अनभिज्ञ राहून कशा समांतर चालल्या होत्या, हे त्यावरून दिसते. १९५१ साली इरावतीबाईंनी वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील मानवमितीय मापे डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली. आणि १९६८ साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची जी जैविक तुलना केली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक म्हणावी लागेल. समाजात एका नावाने आणि एका दर्जाने ओळखले जाणारे हे आठ गट शरीराने एक नव्हते. विवाह ज्याच्या आत होतात ती छोटी जात हेच एकक खरे, वरचे सामूहिक नाव नव्हे, या त्यांच्या प्रतिपादनास त्यातून आधार मिळाला. इरावतीबाईंची साधने जुन्या वंशशास्त्राकडून आलेली होती आणि त्या साधनांचा त्याग त्यांनी कधी केला नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्यांच्या आकड्यांनी काढलेला अर्थ मात्र जुन्या वंशशास्त्राच्या सोयीचा नव्हता.

आता पहाडगंजकडे वळू. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाल्यावर सरकारी कचेऱ्यांबरोबर देशभरातील नोकरदार येथे येऊ लागले. सप्टेंबर १९४७ च्या हिंसाचारात पहाडगंजमधील मुसलमान रहिवाशांना घरे सोडून जावे लागले, आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ती घरे व्यापली. अवघ्या काही आठवड्यांत वस्तीचा चेहरा पालटला. दिल्लीत ज्यांना आपण सरसकट ‘मराठी’ म्हणतो त्यांच्यात ग्वाल्हेर-इंदूरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे आहेत, नागपूरकडची आहेत, पुण्या-मुंबईची व कोकणातली आहेत, आणि सराफ बाजारांत सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची मंडळीही आहेत. यांच्यापैकी कोणा एका घरातील मुलगी, जिची आई कदाचित पंजाबी निर्वासित कुटुंबातील असेल, दिल्ली गेटजवळच्या मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेत गेली, तर तिच्यासाठी कोणते कोष्टक उघडावयाचे? क्लीव्हलंडचे, उत्तर भारतीयांचे, की महाराष्ट्रीयांचे?

‘आपल्या’ मुलांसाठी ‘आपले’ कोष्टक ही मागणी परकीय प्रमाणाच्या दास्यातून सुटण्याची वाटते, आणि तिच्यात तथ्य आहे. समूहांच्या सरासरीत फरक असतात, हे खोटे नाही. परंतु प्रत्येक नावाला एक कोष्टक देऊ गेल्यास आपण रिस्लींच्याच वाटेवर, फक्त नाकाऐवजी दात घेऊन, परत येतो. १९६८ च्या तुलनेने ज्या नावांची जैविक एकात्मता संशयास्पद ठरविली, त्याहून कितीतरी ढोबळ नावे आजच्या दंतवैद्यकीय लेखांच्या शीर्षकांत दिसतात. शिवाय नमुना बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील शे-दोनशे मुलांचा असतो, आणि शीर्षकात मात्र एक अख्खा प्रांत येतो. याहून मूलभूत आक्षेप असा की, समीकरण बदलल्याने जो दोष दूर होतो तो सरासरीच्या सरकण्याचा. साठ भागांचे अज्ञान त्याने कमी होत नाही. कोणत्याही समूहाचे कोष्टक घेतले तरी त्या समूहातील या एका मुलीचा दात त्या कोष्टकातून डोकावत नाही. म्हणून हिक्सन-ओल्डफादर यांचा खर्चिक मार्ग, म्हणजे त्याच व्यक्तीच्या हाडातील दात क्ष-किरणांनी पाहणे, मला तत्त्वतः अधिक योग्य वाटतो. १९८० साली स्टॅली आणि कर्बर यांनी त्यात सुधारणा केली, आणि आता त्रिमिती चित्रणाने तो अधिक अचूकही झाला आहे. मुलांस किरणोत्सर्ग देण्याचा प्रश्न अर्थातच त्यात आहे, आणि जेथे निर्णय दात काढण्यापर्यंत जात नाही तेथे टानाका-जॉन्स्टन यांचा तोंडी हिशेब पुरतो.

हे अनुमान प्रत्यक्षाशी थेट ताडून पाहता येईल अशी एक जागा महाराष्ट्रात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची, घराच्या जमिनीखाली तोंडास तोंड लावून ठेवलेल्या दोन मातीच्या कुंभांत पुरलेली. जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी या अवशेषांचा, विशेषतः दातांचा, अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. लहानपणी मेलेल्या मुलाच्या भंगलेल्या जबड्यात दुधाचे दात आणि त्यांच्याखाली घडत असलेली कायमच्या दातांची शिखरे, दोन्ही एकाच वेळी दृष्टीस पडतात. जिवंत मुलाच्या बाबतीत वैद्य ज्याचे अनुमान करतो, ते येथे कंपासाने मोजता येते. या दातांना जात किंवा प्रांत जोडलेला नाही. स्थळ, थर आणि वय एवढ्याच नोंदींवर त्यांची वर्गवारी झाली आहे.